करवंट्या आहेत, भट्टी घालू का?

प्रश्न थोडक्यात असा. गुहागरकडच्या एका गृहस्थांचा खोबरेल तेलाचा घाणा आहे. महिन्याला दोनेक टन करवंटी साठते, ती आजवर कोळसेवाला उचलून नेतो. चुलतभावाने त्यांना मोबाइलवर एक बातमी दाखवली की सोडियम-आयन बॅटरीत (लिथियमऐवजी सोडियम वापरणाऱ्या) नारळाच्या करवंटीचा कार्बन लागतो आणि त्या पावडरीला कोळशाच्या कितीतरी पट भाव मिळतो. ते लिहितात, “ताई, तुम्ही यातच इतकी वर्षं काढलीत. आम्ही १३०० अंशांची भट्टी घालावी का? कर्ज काढायची तयारी आहे. आणि करवंटी कमी पडली तर भाताचा तूस, काजूची टरफलं, घरच्या कपिला गायींचं शेण यातलं काही चालेल का?”

दादा, कर्जाचा अर्ज अजून भरला नसेल तर तसाच राहू द्या. भरला असेल तर मागे घ्या. करवंटीत खोट काहीच नाही. या कामासाठी झाडाझुडपांपासून जो माल मिळतो त्यात ती पहिल्या दोन-तीन नंबरांत बसते. पण तुम्ही पैसे घालायला निघालात ते टोक चुकीचं आहे. तुमच्या हातात असलेल्या मालाची किंमत भट्टीच्या आधीच ठरून जाते: करवंटी कुठे वाळली, कशी जळली, कशाने विझवली. ते कसं, हे सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. करटी (आमच्याकडे करवंटीला करटीच म्हणतात) ही माझ्या लेखी आधी न्हाणीच्या चुलीतली वस्तू. सोडणं (नारळाची वरची काथ्याची साल) भराभर जळून जायची. करटीचा निखारा मात्र सगळ्यांच्या आंघोळी आटोपेपर्यंत धग धरून असायचा. पुढे पुण्यात प्रयोगशाळेत बॅटरीच्या इलेक्ट्रोडचं काम करायला लागले तेव्हा त्या धगीचं कारण कळलं. करवंटी घट्ट असते, तिच्यात लिग्निन (लाकडाला कठीण करणारा घटक) भरपूर आणि राख फार थोडी. याच तीन गोष्टींसाठी बॅटरीवाले तिच्या मागे लागलेत.

तुमच्या मोबाइलमधल्या लिथियमच्या बॅटरीत एका बाजूला ग्रॅफाइट असतं. सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम, या हिशेबाने ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास बसतात. तेच ग्रॅफाइट सोडियमला दाखवलं तर नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये (बॅटरीतल्या द्रावणात) तो जेमतेम दहावा हिस्सा आत जातो. सोडियमचा आयन मोठा म्हणून मावत नाही, असं बहुतेक बातम्यांत लिहिलेलं असतं. ते अर्धवट आहे. पोटॅशियम सोडियमहून मोठा, तरी तो ग्रॅफाइटच्या थरांत निवांत जाऊन बसतो, आठ कार्बनांमागे एक. सोडियमचं आणि ग्रॅफाइटचं जमतच नाही. जोडी जुळताना जेवढी ऊर्जा सुटायला हवी तेवढी सुटत नाही. हे विषयांतर झालं, पण चुलतभावाला सांगा, वाद घालायला उपयोगी पडेल.

सोडियमला लागतो तो ‘हार्ड कार्बन’. रोझालिंड फ्रँकलिन, जिला आपण डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्रामुळे ओळखतो, ती त्याआधी कोळशावर काम करत होती. तिने १९५१ मध्ये कार्बनच्या दोन जाती वेगळ्या करून दाखवल्या. एक जात तापवत नेली की तिचं ग्रॅफाइट होतं. दुसरी ३००० अंशांपर्यंत तापवली तरी होत नाही. करवंटीचा कोळसा या दुसऱ्या, हट्टी जातीचा. ग्रॅफाइट म्हणजे बांधून ठेवलेली पत्रावळींची चवड, एकावर एक नीट बसलेली. हार्ड कार्बन म्हणजे त्याच पत्रावळी कुणीतरी अंगणात फेकल्यासारख्या: दोन-चार एकमेकींना चिकटलेल्या, बाकीच्या वेड्यावाकड्या, मधे पोकळ्या. २००० साली कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात स्टीव्हन्स आणि डान या दोघांनी ग्लुकोज जाळून असा कार्बन केला आणि त्यात ग्रॅममागे सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास सोडियम बसवून दाखवला. त्यांनी त्याला पत्त्यांच्या बंगल्याची उपमा दिली होती. सोडियम नक्की कुठे आधी बसतो, थरांत की पोकळ्यांत, यावर अजूनही भांडणं चालू आहेत. तुमच्या धंद्याला त्याने फरक पडत नाही.

फरक पडतो तो पुढच्या गोष्टीने, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. करवंटीच्या कोळशाची जुनी बाजारपेठ आहे ‘अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन’ची: पाण्याच्या फिल्टरमधला, सोनं वेगळं काढण्याच्या कामातला, पहिल्या महायुद्धात गॅस मास्कमध्ये भरलेला. त्या कार्बनची किंमत त्याच्या भोकांवर ठरते. चमचाभर पावडरीत हजारो चौरस मीटर पृष्ठभाग असतो आणि जितका जास्त तितका चांगला. बॅटरीच्या कार्बनचं नेमकं उलटं आहे. आत पोकळी हवी, पण तिचं तोंड बाहेर उघडं नको. ग्रॅममागे पृष्ठभाग पाच-दहा चौरस मीटरच्या आत राहिला तर माल चांगला. म्हणजे एकाच करवंटीपासून दोन माल होतात आणि एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष. तुम्हाला कुणी “आमच्याकडे अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची भट्टी आहे, तीच बॅटरीलाही चालते” असं सांगून यंत्र विकत असेल, तर चहा पाजून त्याला वाटेला लावा.

उघडी भोकं का नकोत, ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही. आम्ही कार्बन बाइंडरमध्ये (चिकटवणाऱ्या पदार्थात) कालवून अ‍ॅल्युमिनिअमच्या पत्र्यावर लेप देतो, वाळवतो, त्यातून रुपयाच्या नाण्याएवढी चकती कापतो आणि बटणासारख्या सेलमध्ये बंद करतो. पहिल्या चार्जला सोडियम आत जायला लागतो. यंत्राच्या पडद्यावर रेघ उतरत जाते. माझ्या सुरुवातीच्या दिवसांतला एक करवंटीचा नमुना असा होता की आत जाताना आकडा ३५० च्या पुढे गेला. मी खूश. रात्री डिस्चार्ज झाला, सकाळी बघते तर परत आले होते २१० च्या आसपास. बाकीचा सोडियम कार्बनच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइट कुजवण्यात गेला होता. पहिल्या चार्जला कार्बनवर एक पापुद्रा धरतोच, तो लागतोही, पण पृष्ठभाग जितका मोठा तितका पापुद्र्यात सोडियम जास्त अडकतो. डिपॉझिट म्हणून दिलेले पैसे घरमालकाने परतच करू नयेत, तसं.

यातली मेख अशी की ती चकती आम्ही सोडियम धातूच्या तुकड्यासमोर तपासतो. तिथे सोडियम मुबलक असतो, म्हणून दुसऱ्या चार्जपासून सगळं छान दिसतं आणि बातमीत येतो तो हा दुसऱ्यापासूनचा आकडा. खऱ्या बॅटरीत सोडियम मोजून भरलेला असतो, तो समोरच्या कॅथोडमधूनच (दुसऱ्या बाजूच्या इलेक्ट्रोडमधूनच) येतो. पहिल्या फेरीत जो गेला तो कायमचा गेला. म्हणून कुठलीही बातमी वाचताना “क्षमता किती” हे नंतर बघा, “पहिल्या फेरीत किती टक्के परत आले” हे आधी शोधा. नव्वदीच्या आसपास असेल तर पुढे वाचा. साठ-सत्तर असेल तर तो शोधनिबंध आहे, धंदा नव्हे. आणि तो आकडा दिलेलाच नसेल, तर का दिला नाही ते तुम्ही ओळखा.

त्या नमुन्याची भोकं कुणी उघडली होती? पोटॅशियमने. माडाला पोटॅश किती लागतं ते तुम्ही मला शिकवाल. तेच पोटॅश करवंटीतही थोडं उतरतं. करवंटीत राख शेकडा अर्ध्याच्या आसपासच असते, पण कोळसा करताना चार भागांचा एक भाग होतो आणि राख मात्र तेवढीच राहते. म्हणजे कोळशात ती दोन टक्क्यांपर्यंत जाते आणि तिच्यात पोटॅशियमचा वाटा मोठा. आठशे-नऊशे अंशांच्या वर हे पोटॅशियम कार्बन खायला लागतं, आतून पोखरतं. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनवाले हेच मुद्दाम, पोटॅशची लाय (तीव्र क्षार) घालून करतात. आपल्याला नको असताना ते आपोआप होतं. त्यावर उपाय आहे: अर्धा भाजलेला कोळसा दळून सौम्य आम्लाने धुवायचा, मग शुद्ध पाण्याने धूत राहायचं, आणि मगच १२००-१३०० अंशांना न्यायचा. प्रयोगशाळेत चंचुपात्रात हे सोपं. टनावारी करायचं तर आम्लाचं पाणी जाणार कुठे? तुमच्या घाण्यामागे पऱ्ह्या (ओढा) आहे, त्याखाली खाडी. तिथे तिसऱ्या-कालवं (शिंपले) काढणाऱ्या बायका बसलेल्या असतात. नुसतं या एका कारणासाठीसुद्धा मी तुम्हाला भट्टी घालू देणार नाही.

आता लोखंडाची गोष्ट. ही खास आपल्या कोकणातली, बाहेरच्या कुठल्याही पुस्तकात सापडायची नाही. काही वर्षांपूर्वी रत्नागिरी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायकांनी करवंटीचा कोळसा पाठवला. माल दिसायला उत्तम: टणक, वाजवला तर काचेसारखा आवाज. पण त्यातून केलेला कार्बन क्षमतेत मार खात होता आणि प्रत्येक सेल वेगळं वागत होता. आठवडाभर आम्ही भट्टीला, इलेक्ट्रोलाइटला, एकमेकांना दोष देत होतो. शेवटी आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांनी पांढऱ्या कागदावर चिमूटभर पावडर पसरली आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवलं. काळ्या पावडरीतून बारीक मिशा उभ्या राहिल्या आणि चुंबकामागून चालायला लागल्या.

मी फोन करून विचारलं, करवंट्या वाळवता कुठे? “खय म्हणजे? सड्यार.” कातळसड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर. जांभ्याचा तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचाच. त्याची धूळ करवंटीच्या खाचांत, शेंडीच्या उरलेल्या केसांत बसते. तेराशे अंशांना कोळशाबरोबर तापली की गंजाचं लोखंड होतं. लोखंडाचा कारखाना तोच करतो. आणि ते लोखंडाचे कण भोवतीच्या कार्बनला धरून त्याचं ग्रॅफाइट बनवायला लागतात, जे सोडियमला नको असतं. त्यात बॅटरीत लोखंडाचा सुटा कण म्हणजे आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती, ती वेगळीच. पुढच्या खेपेला त्यांनी करवंट्या ताडपत्रीवर वाळवल्या, शेंडी खरवडून काढली. चुंबकाला काही लागलं नाही. एका ताडपत्रीने जे साधलं ते आम्हाला पुण्यात लाखांच्या यंत्रांनी साधलं नसतं.

म्हणून म्हटलं, किंमत आधीच ठरते.

भट्टीबद्दल दोनच गोष्टी सांगते. तेराशे अंश नुसते गाठायचे नसतात. मिनिटाला दोन-तीन अंश या बेताने चढायचं, वर दोनेक तास थांबायचं, तसंच उतरायचं, आणि सगळा वेळ आत नायट्रोजन किंवा अरगॉन वाहता ठेवायचा. हवा जरा आत शिरली की माल जळतो, आणि जळताना पुन्हा भोकं उघडतात. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी असते? चढत्या तापमानात दोनदा लाइट गेली तर तो माल एका जातीचा, न जाता भाजला तो दुसऱ्या जातीचा. आमच्या भट्टीतली अ‍ॅल्युमिनाची नळी एकदा अशीच वीज जाऊन-येऊन तडकली. बंदुकीसारखा आवाज झाला होता. दुसरी गोष्ट दळण्याची. पाच-दहा मायक्रॉनचं पीठ करायचं असतं. करवंटीचा कार्बन इतका कठीण की तो गिरणीचंच लोखंड खरवडून स्वतःत मिसळून घेतो, आणि ती धूळ फुप्फुसाला वाईट, ठिणगीला त्याहून वाईट.

आणि आकडे बघा. एका नारळाची करवंटी साधारण सव्वाशे ग्रॅम धरा. त्याचा ड्रममध्ये कोळसा होतो पस्तीसेक ग्रॅम. धुऊन, पुन्हा भाजून हातात राहतो पंचवीस-सत्तावीस ग्रॅम कार्बन. सोडियम सेलचा व्होल्टेज सरासरी तीन धरला, तर एक युनिट वीज साठवायला हिशेबाने एक किलोच्या थोडा वर आणि व्यवहारात सव्वा-दीड किलो कार्बन लागतो. तीन युनिटांची स्कूटर म्हणजे चार किलो, म्हणजे दीडशे नारळ. हे ऐकून आनंद होतो, मलाही झाला होता. पण तुमचे महिन्याला दोन टन म्हणजे वर्षाला जेमतेम पाच टन कार्बन. वर्षाला एक गिगावॅट-तास (दहा लाख युनिट) सेल काढणाऱ्या कारखान्याला तुमचा वर्षाचा माल दीड दिवस पुरेल. एवढ्यासाठी तो कारखाना तुमच्या मालाची वेगळी तपासणी करेल का? त्याला वीस खेपांत एकसारखा माल हवा असतो. एका खेपेत उत्कृष्ट आणि पुढच्या खेपेत बरा, यापेक्षा सगळ्या खेपांत बरा त्याला जास्त परवडतो.

आपल्या कोकणाची आणखी एक अडचण आहे. आपले नारळ बहुतेक सोललेले, अख्खे विकले जातात, देवळात आणि घराघरात फुटतात. करवंटी गावभर विखुरते. तमिळनाडूतल्या कांगेयमसारख्या ठिकाणी (हो, बैलांच्या जातीसाठी ओळखलं जाणारं तेच) खोबऱ्याच्या गिरण्या एकाशेजारी एक आहेत, तिथे करवंटी ढिगानेच मिळते. देवळातली करवंटी गोळा करू असं कुणीतरी सुचवेल. तिच्यावर कुंकू, तेल, कापूर, आणि निम्मी पावसात भिजलेली. शहाळ्यांच्या गाड्यांवरची तर अजिबात नको. कोवळी कवटी पिकलेली नसते, तिचा कोळसा भुसभुशीत होतो.

बाकीच्या मालाबद्दल विचारलंत. भाताच्या तुसात राख पंधरा-वीस टक्के आणि ती जवळपास सगळी सिलिका. सोडियमच्या कार्बनसाठी ते मेलेलं वजन. कॉस्टिक सोड्यात उकळून काढावं लागतं. उलट लिथियमवाल्यांना तीच सिलिका हवी असते, कारण मॅग्नेशियमबरोबर तापवून तिचं सिलिकॉन होतं आणि सिलिकॉनमध्ये ग्रॅफाइटच्या नऊ-दहा पट लिथियम बसतो. बसताना ते तिपटी-चौपटीने फुगतं आणि फुटतं, ही त्यातली रड. काजूच्या टरफलातलं तेल हाताची साल काढतं हे तुम्हाला माहीत आहेच. तेच तेल रेझिन आणि ब्रेक लायनिंगसाठी आधीच विकलं जातं, ते जाळण्यात शहाणपण नाही. तेल राहिलेलं टरफल भट्टीत उकळतं, फेसाळतं, आणि दर घाणीला वेगळा कोळसा देतं. आंब्याचा बाठा कॅनिंगवाले फुकट देतील, पण तो दीड महिनाच, ओला आणि आत पिठूळ कोय घेऊन येतो.

शेणाबद्दल जरा थांबते, कारण मला एकदा खरोखरच कपिला गायीच्या शेण्या कुरियरने आल्या होत्या. सोबत चिठ्ठी: ही सड्यावर चरणारी गाय आहे, गोठ्यातल्या जर्सीसारखी नव्हे, तर हिच्या शेणाचा कार्बन भारी होईल. माणूस प्रामाणिक होता. आम्ही जाळून बघितलं. राखच एवढी निघाली की कार्बनचा विचार तिथेच संपला. कारण त्या गायीच्या गुणातच आहे. गवत मुळातच सिलिका धरून असतं; पातीने बोट कापतं ते उगीच नाही. कोकण कपिला लहान चणीची, चिवट. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केलेली आहे. ती उतारावर, कातळावर, जमिनीलगतचं खुरटं गवतही कुरतडून खाते आणि त्याबरोबर माती पोटात जाते. म्हणजे जितकी चरण्यात पटाईत, तितकं शेण राखेने भरलेलं. गोठ्यात कडबा आणि पेंड खाणारीचं त्या मानाने बरं, पण तेही या कामाचं नाही.

माझा व्हेटर्नरीवाला भाचा यावर म्हणाला, मावशी, तू शेणाकडे बघतेस, मी पायांकडे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठातल्या डेरेक बेली यांच्या गटाने गायींच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून बघितलं. एकाच कळपातल्या काही गायी डोंगर चढून लांब चरतात, काही पाणवठ्याजवळच घुटमळतात, आणि या सवयीत आनुवंशिकतेचाही हात असल्याचं त्यांना दिसलं. भाच्याला आपल्या कपिलांवर हेच करून बघायचंय. त्याची पहिली अडचण काय, तर पट्ट्यातली बॅटरी पावसात टिकत नाही. म्हणजे फिरून पुन्हा माझ्याच दारात. तुमच्या गायींना भट्टीत ओढू नका. गोबरगॅस आणि शेत, दोन्हीकडे त्या शेणाला जास्त मान आहे.

मग तुम्ही करायचं काय? तुमच्याकडे घाणा आहे, म्हणजे पिकलेल्या नारळाची, एका ठिकाणची, एकसारखी करवंटी आहे. हे भांडवल मोठं आहे. तुम्ही कोळसाच करा, फक्त कोळसेवाल्यापेक्षा चांगला. करवंटी ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यात वाळवा. शेंडी, खोबऱ्याची पापुद्री खरवडून काढा. दोनशे लिटरचे ड्रम घ्या, गंजके नकोत. आतला गंज जाळून, घासून काढा. भरून वरून पेटवा. धूर आधी पांढरा दाट, मग पिवळट, मग विरळ निळसर होतो. निळसर झाला की खालची भोकं एक-एक करून मातीने बंद करत या आणि झाकण लिंपून टाका. पाणी मारून विझवू नका. समुद्रकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असतं, त्यातलं मीठ सगळं कोळशात जाऊन बसतं. रात्रभर झाकून ठेवा, आपोआप विझतो. सकाळी हात लावण्याआधी तरी तपासा. आतून धुमसत असला तर झाकण काढताच भडकतो. धूर वस्तीकडे जाणार असेल तर शेजाऱ्यांशी आणि ग्रामपंचायतीशी आधी बोला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती कोणत्या आकारापासून लागते ते जिल्ह्याच्या कार्यालयात विचारून घ्या.

मग राख मोजा. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कोरडा कोळसा कुटून पन्नास ग्रॅम घ्या, स्टीलच्या स्वच्छ ताटलीत, भात्याच्या निखाऱ्यावर ठेवून पूर्ण राख होईपर्यंत जाळा. काळा ठिपका राहता कामा नये, राख वाऱ्याने उडताही कामा नये. ती सोनाराच्या काट्यावर वजन करा. एक ग्रॅम भरली तर दोन टक्के. दीड ग्रॅम भरली तर वाळवण्यात किंवा विझवण्यात कुठेतरी घोळ आहे. दर घाणीला हे करायचं आणि वहीत तारखेसकट लिहायचं. राखेचा रंगही लिहा. पांढरी-करडी ठीक. तांबूस दिसली तर जांभा शिरला असं समजा आणि लोहचुंबक आणा. ही वही तुम्ही दोन वर्षं नीट ठेवलीत, तर कार्बन बनवणारा जो कुणी असेल त्याच्याशी बोलताना तुमच्या हातात कोळशाच्या पोत्यापेक्षा जड वस्तू असेल.

गिऱ्हाईक कोण, हा रास्त प्रश्न. जपानची कुरारे कंपनी वनस्पतींपासून असा हार्ड कार्बन करून विकते. आपल्याकडे पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं, त्यात पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेचा सहभाग होता. रिलायन्सने त्याआधीच ब्रिटनमधली फॅराडियन ही कंपनी विकत घेण्याचं जाहीर केलं होतं. म्हणजे देशात हालचाल आहे. पण हालचाल म्हणजे खरेदीची ऑर्डर नव्हे, आणि यातले बरेच लोक आज कार्बन बाहेरूनच आणतात. तोवर तुमचा स्वच्छ कोळसा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनवाले घेतील. त्यांनाही कमी राख आवडते. माल पडून राहणार नाही.

एका कंपनीने मला पूर्वी विचारलं होतं, नाव सांगत नाही, की कोकणातल्या शंभर कुटुंबांना छोट्या भट्ट्या देऊन कार्बन करून घेता येईल का. मी नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून हो म्हणवून घेतलं. वर्षभराने त्या भट्ट्या गंजत पडल्या होत्या आणि हप्ते मात्र कुटुंबांच्या नावावर होते. चूक माणसांची नव्हती. शंभर भट्ट्यांतून शंभर प्रकारचा माल येणार हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. कोळसा शंभर ठिकाणी होऊ शकतो, कारण नंतर तो धुतला, मिसळला, एका जागी भाजला जातो. शेवटची भट्टी एकच हवी, मोठी, वीज न जाणाऱ्या जागी, सांडपाण्याची सोय असलेली. ती कधी उभी राहिलीच तर सहकारी संस्थेने किंवा कारखान्याने उभी करावी, एकट्या घाण्याने नव्हे.

तुम्हाला हवं असेल तर नमुना तपासून देईन. दोन किलो कोळसा पुरे. एकाच ड्रममधला घ्या, चार ड्रमांतला निवडक काळाभोर नको. निवडलेला माल मला तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, कारण हा कोळसा दमट हवेतलं पाणी ओढतो आणि मी तुमच्या पैशाने पाणी तोलत बसेन. आत एक चिठ्ठी टाका: नारळ कोणत्या महिन्यातले, करवंटी कशावर वाळली, ड्रम किती वेळ जळला, झाकण कधी लिंपलं, राख किती भरली. आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा, पावसाआधीचा माल की नंतरचा.